लिहू लागलेल्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा, कविता, ललित लेख किंवा कादंबरी लिहायला घेतली आणि मध्येच अडलात, तर हे पान तुमच्यासाठी आहे. प्रश्न साधारण ज्या क्रमानं पडतात त्याच क्रमानं घेतले आहेत. कथेवर जास्त बोललो आहोत, कारण सर्वाधिक अडचणी तिथेच येतात.

डोक्यात कथा तयार आहे, पण कागदावर उतरत नाही. काय करू?

डोक्यात बहुतेक वेळा कथा नसते, कथाबीज असतं: एखादा प्रसंग, एखादं माणूस, कानावर पडलेलं एखादं वाक्य. त्याची कथा व्हायची तर कोणाला तरी काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते सहजासहजी मिळता कामा नये. 'एक म्हातारा एकटा राहतो' हे बीज झालं. 'म्हाताऱ्याला बायकोचं शिलाई मशीन द्यायचं नाहीये आणि मुलगी घर रिकामं करायला आली आहे' इथे कथा सुरू होते. तुमचं बीज अशाच एका वाक्यात लिहून पाहा: कोणाला काय हवंय आणि काय आडवं येतंय. वाक्य जमत नसेल तर बीज आणखी काही दिवस मनात राहू द्या, टिपणं काढा, पण खर्डा सुरू करू नका. असे खर्डे दुसऱ्या-तिसऱ्या पानावर हमखास अडतात.

वाक्य जमलं की पहिल्या ओळीपासूनच लिहायला हवं असं नाही. जो प्रसंग सगळ्यात स्पष्ट दिसतोय तो आधी लिहा, मग तो शेवटचा का असेना.

रोज किती लिहावं?

जेवढं आठवड्यातून पाच दिवस न चुकता जमेल तेवढं. ३०० शब्द पुष्कळ झाले. आठवड्याचे १,५०० होतात आणि ६०,००० शब्दांच्या कादंबरीचा पहिला खर्डा ४० आठवड्यांत हातात येतो. एका रविवारी ३,००० शब्द आणि मग महिनाभर काहीच नाही, ही पद्धत कादंबरीला मारक ठरते, कारण दर वेळी पात्रांची नव्यानं ओळख करून घ्यावी लागते.

उठताना प्रसंग संपवून उठू नका. पुढे काय घडणार त्याची एक ओळ टिपून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदासमोर बसावं लागत नाही. आणि पहिला खर्डा लिहिताना मागचं दुरुस्त करत बसू नका. पहिली तीन पानं वीस वेळा घासली जातात आणि चौथं कधी येतच नाही. काही खटकलं तर तिथेच चौकटी कंसात टीप टाका, जसं [आईचं वय जुळतंय का?], आणि पुढे चला. खर्डा झाल्यावर चौकटी कंस शोधायचे, सगळ्या शंका एका बैठकीत सापडतात.

कथा किती शब्दांची असावी?

ज्यांच्याकडे पाठवणार त्यांनी मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची. एरवी लघुकथा साधारण २,००० ते ५,००० शब्दांत बसते, लघुतम कथा हजाराच्या आत, सदरासाठीचा ललित लेख ६०० ते ८०० शब्दांत. मर्यादा २,५०० ची असताना ३,२०० शब्द पाठवले तर पुष्कळदा कथा वाचलीच जात नाही.

'मी' म्हणून लिहू की 'तो/ती' म्हणून?

दोन्ही चालतं. चूक होते ती निवेदकानं मध्येच दुसऱ्याच्या डोक्यात उडी मारल्यावर. 'रमाला वाटलं, आता बोलून उपयोग नाही. समोर बसलेल्या विनायकच्याही मनात तेच होतं.' पहिल्या वाक्यात आपण रमाच्या आत आहोत, दुसऱ्यात विनायकच्या. वाचकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण पकड सुटते. एका प्रसंगात एकाच माणसाच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं तर विनायकचं मन त्याच्या हालचालीतून दाखवावं लागतं, आणि तेच बहुधा जास्त चांगलं उतरतं. प्रथमपुरुषी निवेदनात वेगळा धोका असतो. मोलमजुरी करणारा निवेदक अचानक लेखकाच्या पुस्तकी भाषेत विचार करू लागतो. प्रत्येक उपमा तपासा: ही या माणसाला सुचली असती का?

माझं प्रत्येक वाक्य बरोबर असतं, तरी लेखन निर्जीव वाटतं. का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

पहिलं कारण 'होता-होती'. 'पाऊस पडत होता. ती खिडकीत बसली होती. दिवा मिणमिणत होता. तिला झोप येत नव्हती.' आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य त्याच ठोक्यावर आपटतं. काळ सांगायला एक 'होता' पुरतो. 'पाऊस पडत होता. ती खिडकीत, मागे मिणमिणता दिवा. झोप नाही.' स्वतःच्या मजकुराचं एक पान छापून घ्या आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द अधोरेखित करा. सलग चार सारखे निघाले तर निदान दोन मोडा: क्रियापद गाळून, साधा भूतकाळ वापरून किंवा दोन वाक्यं 'करून', 'जाता जाता', 'बघताच' अशा रूपांनी जोडून.

दुसरं, सर्वनामांची गर्दी. 'तिनं तिची पर्स उघडली आणि तिनं तिच्यातून तिचा चष्मा काढला.' मराठीत 'तिची पर्स' म्हटलं की क्षणभर दुसऱ्याच बाईची वाटते. स्वतःची असेल तर 'आपली', आणि संदर्भ स्पष्ट असेल तर तेही नको: 'तिनं पर्स उघडून चष्मा काढला.'

तिसरं, शब्दांचा क्रम. 'मी पत्र जाळलं' आणि 'पत्र मी जाळलं' यांत माहिती एकच आहे, पण पहिल्यात काय जाळलं ते कळतं आणि दुसऱ्यात कोणी जाळलं ते. क्रियापदाच्या लगेच आधी बसलेल्या शब्दावर जोर येतो. हवा तो जोर मिळवायला बहुतेक वेळा 'खरोखरच', 'नक्कीच' असे शब्द घालावे लागत नाहीत, शब्दाची जागा बदलली की काम होतं.

चौथं, भावनेचं नाव घेऊन मोकळं होणं. हा खर्डा पाहा:

'सुमनला खूप भीती वाटत होती. तिचं हृदय जोरजोरात धडधडत होतं. ती हळूहळू दाराकडे गेली आणि थरथरत्या हातानं तिच्याकडून दार उघडण्यात आलं.'

आणि हा दुसरा:

'सुमन दारापाशी गेली. कडीवर हात ठेवला, काढला, पदराला पुसला, परत ठेवला.'

भीती हा शब्द गेला, हृदय गेलं, थरथर गेली. राहिला एक हात आणि त्याच्या चार क्रिया. घाम आलाय हेही सांगितलेलं नाही, तो पदराला पुसण्यातून कळतो. 'उघडण्यात आलं' ही कार्यालयीन टिप्पणीची रचना, ती कथेत आली की माणूस नाहीसा होतो. आणि दार उघडायच्या आधीच थांबल्यामुळे वाचक पुढच्या ओळीवर जातो. प्रत्येक भावनेचं असं करायचं नसतं, नाहीतर कथा हातवाऱ्यांनी भरून जाते. कथेतले दोन-तीन कळीचे क्षण निवडा आणि तिथेच इतकं जवळ जा. बाकी ठिकाणी 'ती घाबरली' एवढं पुरे.

संवाद कृत्रिम वाटतात. कसे सुधारायचे?

मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बोलण्यातलं नाही. माणसं पूर्ण वाक्यांत बोलत नाहीत आणि विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तरही क्वचितच देतात. 'कधी आलास?' याला 'सकाळी आठ वाजता आलो' यापेक्षा 'जेवलीस का तू?' हे उत्तर नात्याबद्दल जास्त सांगतं. दोघांनाही ठाऊक असलेली माहिती ('तुला माहीतच आहे की आपले बाबा दहा वर्षांपूर्वी वारले') संवादात कोंबू नका. ती निवेदनात टाका.

'म्हणाला' या शब्दाची लाज बाळगू नका. 'उद्गारला', 'वदला', 'उत्तरला' यांच्याकडे लक्ष जातं, 'म्हणाला'कडे जात नाही, म्हणून तोच बरा. आपल्या हातातलं फार मोलाचं साधन म्हणजे तू, तुम्ही आणि आपण. आयुष्यभर 'अहो' म्हणणारी बाई एकाच वाक्यात 'अरे' म्हणाली, तर त्यावर निवेदकानं एक अक्षरही बोलायची गरज उरत नाही. म्हणूनच कोण कोणाला काय म्हणतो याची यादी आधी करून ठेवा. चुकून झालेला बदल वाचक तेवढ्याच गांभीर्यानं घेतो.

बोलीभाषा वापरायची असेल तर ती कानानं ओळखीची असलेलीच वापरा. प्रत्येक उच्चार कागदावर आणण्यापेक्षा चार-पाच ठळक खुणा निवडा, म्हणजे क्रियापदाची रूपं, नकार, संबोधनं, आणि त्या शेवटपर्यंत पाळा. पहिल्या पानावर 'व्हतं' आणि पाचव्यावर 'होतं' असं झालं की पात्र खोटं वाटू लागतं.

शुद्धलेखन एवढं महत्त्वाचं आहे का?

आहे. संपादकाला पहिल्या परिच्छेदात सहा चुका दिसल्या तर बाकीचं तो चुका शोधतच वाचतो. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली स्वीकारले गेले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. अठरा नियम एका दुपारी वाचून होतात. रोजच्या बहुतेक चुका पुढच्या तीन गोष्टींनी टळतात.

शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाटी, कवी, गुरू, वाळू. (आणि, नि हे अपवाद.) पण तोच संस्कृत शब्द समासात आधी आला की ऱ्हस्व: कविसंमेलन, गुरुदक्षिणा.

शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार मराठी शब्दांत दीर्घ: गरीब, फूल, वीट. प्रत्यय लागला की ऱ्हस्व: गरिबाला, फुलाला, विटेला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र मूळ रूप सांभाळतात: गुण, विष, मंदिर.

तिसरी गोष्ट नियमापेक्षा शिस्तीची. 'असे केले' लिहायचं की 'असं केलं' हे पहिल्या ओळीआधी ठरवा. दोन्ही चालतं, पण एकाच निवेदनात 'तिने' आणि 'तिनं' एकत्र आले तर मजकूर दोन हातांनी लिहिल्यासारखा दिसतो.

टंकताना काय सांभाळावं?

युनिकोडमध्येच टंका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य खुणा दिसतात, आणि रूपांतर करताना जोडाक्षरं बिघडतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक सांभाळणारं 'ऱ्य' तुमच्या कळफलकावर कसं उमटतं ते एकदा शिकून घ्या. 'ॲ' हे अक्षर एका कळीनंही येतं आणि 'अ'ला चंद्र जोडूनही. दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात, त्यामुळे 'शोधा आणि बदला' करताना निम्मे शब्द निसटतात.

फाइलला 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरंच अंतिम' अशी नावं न देता तारीख द्या. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या साधनावर, एक इंटरनेटवरच्या साठवणीत असू द्या. दर आठवड्याला वेगळ्या साधनावरची प्रत उघडून बघा. कधीच न उघडलेली प्रत ऐन वेळी उघडेल याची खात्री नसते.

मुक्तछंदात लिहितो. वृत्त शिकायलाच हवं का?

सक्ती नाही, पण सहा महिने शिकलात तर मुक्तछंदही सुधारतो, कारण ओळ कुठे तोडायची याचा कान तयार होतो. अभंगापासून सुरुवात सोपी. मोठ्या अभंगात चार चरण, पहिल्या तीनांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत. इथे फक्त अक्षरं मोजायची. नंतर लघु-गुरूंकडे, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ उच्चारांच्या अक्षरांकडे वळा. भुजंगप्रयात या वृत्तात 'य' गण (तीन अक्षरांचा गट) चार वेळा येतो, म्हणजे लघु-गुरू-गुरू असं चारदा, ओळीत बारा अक्षरं. गझल लिहायची तर आधी मतल्यात, म्हणजे दोन ओळींच्या पहिल्या शेरात, काफिया (यमक) आणि रदीफ (त्यानंतर जसाच्या तसा येणारा शब्द) पक्के करा. पाचव्या शेरात काफिया बदलला तर उरते ती गझलेसारखी दिसणारी कविता.

किती वेळा पुनर्लेखन करावं?

आकडा नाही, पण क्रम आहे. खर्डा संपल्यावर कथा निदान दोन आठवडे बाजूला ठेवा, कादंबरी सहा आठवडे. मग पहिल्या वाचनात फक्त रचना बघा: कोणता प्रसंग काढला तर काहीच बिघडत नाही? तो काढा. दुसऱ्या वाचनात माणसं आणि संवाद. तिसऱ्यात वाक्यं. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, कारण जो परिच्छेद उद्या उडणार आहे त्याचे ऱ्हस्व-दीर्घ आज तपासण्यात वेळ जातो, आणि वाईट म्हणजे सुबक झालेला परिच्छेद मग उडवावासा वाटत नाही.

पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद झाकून कथा वाचून पाहा. नवख्या कथांत हे दोन्ही बरेचदा अनावश्यक निघतात: पहिला गरम होण्यासाठी लिहिलेला, शेवटचा तात्पर्य सांगण्यासाठी.

अभिप्राय कोणाकडून आणि कसा घ्यावा?

तीन ते पाच वाचक पुरतात, आणि त्यांतले निदान दोघं तुमचं मन राखण्याची गरज नसलेले असावेत. वाचायला देताना कथा समजावून सांगू नका. 'कशी वाटली?' असं विचारलंत तर 'छान' एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: वाचताना कुठे थांबलात? कोणती ओळ दोनदा वाचावी लागली? शेवट काय होणार ते कुठल्या पानावर कळलं? कोणाचं नाव आत्ता आठवत नाही?

उत्तरं ऐकताना फक्त लिहून घ्या. 'मला तिथे असं म्हणायचं होतं' हे वाक्य तोंडावर आलं की समजा, ते कागदावर आलेलं नाही. एकट्यालाच खटकलेली गोष्ट सोडून देता येते. तिघं एकाच जागी अडखळले तर दोष नक्की आहे, मात्र तो बऱ्याचदा त्या जागी नसून पान-दोन पानं आधी असतो. शेवट पटत नाही म्हणणाऱ्या वाचकाला खरं तर मधला एक प्रसंग मिळालेला नसतो. वाचकानं सुचवलेला उपाय घ्यायलाच हवा असं नाही, पण त्याची अडचण खोटी ठरवू नका. आणि दोन दिवस जाऊ दिल्याशिवाय खर्ड्याला हात लावू नका.

दुसऱ्याच्या लेखनावर बोलायची वेळ आली तर दोनदा वाचा, जमलेली एक नेमकी ओळ दाखवा, न जमलेली एक जागा कारणासह दाखवा. त्याची कथा तुमच्या शैलीत लिहून देऊ नका. इतरांच्या खर्ड्यांत दोष शोधायला शिकलं की स्वतःच्या खर्ड्यात तेच दोष दिसू लागतात, म्हणून या कामाला वेळ देणं वाया जात नाही.

कथा पाठवताना काय जोडावं?

साधा फाँट, १४ च्या आसपास आकार, दीडपट ओळ-अंतर, पानांना क्रमांक, पहिल्या पानावर शीर्षक, नाव, संपर्क आणि शब्दसंख्या. सोबतचं पत्र पाच-सहा ओळींचं: काय पाठवलंय, किती शब्द, अप्रकाशित आहे का, स्वतःबद्दल दोन ओळी. कथेचा आशय पत्रात सांगू नका. कादंबरी असेल तर पहिली तीन प्रकरणं आणि शेवटासकट एक-दोन पानांचा सारांश. शेवट लपवला तर प्रकाशकाला निर्णय घेता येत नाही.

इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं टाकलेलं लेखन अनेक संपादक 'प्रकाशित' धरतात. पाठवायचं असेल ते आधी उघड्यावर टाकू नका. कुठे, काय, कधी पाठवलं आणि उत्तर काय आलं याचा एक तक्ता ठेवा. मुदत दिलेली नसेल तर तीन महिन्यांनी एका ओळीची नम्र विचारणा करा. एकच कथा दोन ठिकाणी पाठवलेली असेल तर तसं दोघांनाही कळवा, आणि एकीकडून होकार आला की दुसरीकडून त्याच दिवशी मागे घ्या.

साभार परत आली. म्हणजे वाईट आहे का?

त्यावरून ठरत नाही. जागा भरलेली असते, तशाच विषयाची दुसरी कथा आलेली असते, किंवा कथा त्या अंकाच्या स्वभावाची नसते. कारण लिहून आलं असेल तर ते जपा, कारण संपादक तेवढा वेळ मोजक्यांनाच देतात. कथा एकदा मोठ्यानं वाचा आणि पुढच्या ठिकाणी पाठवा. पाच ठिकाणांहून परत आल्यावर मात्र पहिलं पान नव्यानं लिहा.

माझी कथा कोणी चोरली तर? नोंदणी करावी का?

कॉपीराइट लिहिल्या क्षणीच निर्माण होतो. १८८६ सालच्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. संरक्षण लेखकाच्या हयातीनंतर किमान ५० वर्षं टिकतं; भारतात ते ६० वर्षं आहे. पण संरक्षण शब्दरचनेला असतं, कल्पनेला नाही. 'दोन भावांत जमिनीवरून वाद' ही कल्पना कोणाचीच नाही. तारखांच्या नावांनी जपलेले खर्डे आणि पाठवल्याच्या मेल हा तुमचा पुरावा.

करारात काय बघावं?

हक्क कायमचे देताय की ठरावीक काळासाठी. मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर आहे की सवलत वजा करून उरणाऱ्या रकमेवर, कारण दोन्हींत फार फरक पडतो. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांचे हक्क वेगळे लिहिलेत का. आवृत्ती संपली आणि पुढची निघाली नाही तर हक्क कधी परत येतात. हिशेब वर्षातून किती वेळा मिळणार. तोंडी आश्वासन कितीही आपुलकीचं असलं तरी ते करारात लिहून मागा. यात अविश्वास नाही, आणि चांगल्या प्रकाशकाला याचा राग येत नाही.

स्वतःच छापलं तर?

चालेल, पण संपादक आणि मुद्रितशोधक यांचा खर्च वाचवू नका. मुखपृष्ठावर वाचवलेलं एक वेळ चालतं. प्रत्येक रूपाला वेगळा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) लागतो, म्हणजे कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना तीन. हा क्रमांक २००७ पासून १३ अंकी आहे. ऑफसेट छपाईत पानं सोळाच्या फर्म्यांत (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या गटांत) बसतात, म्हणून १६२ पानांचं पुस्तक १६० वर आणणं शहाणपणाचं. मुखपृष्ठाचं चित्र छापायच्या आकारात ३०० डीपीआयचं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचं हवं. पडद्यावर सुंदर दिसणारं चित्र छपाईत फुटतं ते यामुळे.

प्रुफं (छपाईआधी तपासायच्या प्रती) आली की ती कागदावर वाचा, एक जण मोठ्यानं आणि दुसरा डोळ्यांनी. मजकुरापेक्षा जास्त चुका सुटतात त्या जागा वेगळ्या असतात: प्रकरणांची शीर्षकं, अनुक्रमणिकेतले पान-क्रमांक, पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि कण्यावरचं लेखकाचं नाव. हे चार ठिकाणचे शब्द अक्षर न् अक्षर बोट ठेवून तपासा, मगच छपाईला होकार कळवा.